ताईची पट्टी

दातांच्या डॉक्टरकडे मी आयुष्यात पुष्कळदा रडले आहे, पण दात दुखत नसताना रडले ती एकदाच.

तो दवाखाना सुट्टीच्या दिवशी बंद असतो. बाहेरच्या खोलीत एरवी लोक गाल धरून बसतात, तिथे त्या दिवशी दुपारी खुर्च्या गोल मांडतात आणि औषधांच्या बुटक्या कपाटावर रेकॉर्ड प्लेअर येतो. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र आहे, ते कुणी उतरवत नाही. लवंगेच्या तेलाचा वासही तसाच. तिथे पाच-सहा माणसं जमून जुन्या रेकॉर्डी ऐकतात. गाजलेली रेकॉर्ड चालत नाही. जिच्या गायकाचं नाव काढलं तर माणसं ‘कोण?’ म्हणतील, तीच लावायची, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा की एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि संपल्यावर प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा. डॉक्टर म्हणतात, जास्त बोललं की ऐकलेलं पुसलं जातं. मला वाटतं, आठवडाभर लोकांची उघडी तोंडं बघणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी ती मिटलेली बघायला आवडत असतील.

मी तिथे गेले भाचीमुळे. तिचा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

“मावशी, आईची रेकॉर्ड सापडलीये.”

“हरवली कधी होती? तुझ्याच कपाटात असेल.”

“माझ्याकडची नाही गं. दुसरी. एका दातांच्या डॉक्टरांना मिळाली. कुठलंसं न्हाव्याचं दुकान बंद झालं, तिथल्या खोक्यात होती. आणि लोक नुसते वेडे झालेत तिच्यासाठी.”

“कुठले लोक?”

“ऐकणारे. जुनं, विसरलेलं शोधून ऐकणारे. मावशी, एक कंपनी ती परत काढायची म्हणतेय. नवी छापून. माझी परवानगी मागितलीये. आणि तुला यायचंय. त्या रेकॉर्डवरची जिवंत अशी तूच एक उरलीयेस.”

“उरलीयेस म्हणजे? मी काय पातेल्यातली खरवड आहे?”

ती हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ती घडी माझ्याकडून काही केल्या जमेना. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. परत काढणार म्हणजे नीट काढता येईल. इतक्या वर्षांनी का होईना, ताई ताईच्या आवाजात ऐकू येईल.

हे नीट म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज जाड होता. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला मुलांच्या रांगेत उभं केलं होतं. फोन उचलला की पलीकडचे लोक तिला ‘साहेब’ म्हणायचे, आणि तीही मुद्दाम, “साहेब आंघोळीला गेलेत,” म्हणून सांगायची. पट्टी म्हणजे गाणारा माणूस ज्या सुरावर पाय रोवून उभा राहतो तो सूर. बायका बहुतेक हार्मोनियमच्या काळी चार नाहीतर पाचमध्ये गातात. ताई काळी एकमध्ये गायची, पुरुषांच्या पट्टीत. आम्ही दोघी गच्चीवर चादरी पिळायचो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि पीळ भरत गेला की ती सूर लावायची. त्या ओल्या चादरीतून तो माझ्या मनगटापर्यंत यायचा. ही काही अलंकारिक भाषा नाही. खरंच यायचा.

तिला चाली देणारे मास्तर भेटले तेव्हा ताई तिशी ओलांडलेली होती. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. मास्तर म्हणाले, “बाकीच्या बायकांच्या आवाजाला नुसता शेंडा असतो. हिच्या आवाजाला बूड आहे.” त्यांनी खास त्या बुडासाठी गाणी केली. संथ, खाली खाली जाणारी. एक होतं, ‘दार लोटून घे, वारा आत येतो.’ त्यातला ‘वारा’ हा शब्द ताई इतक्या खालून आणायची की ऐकणाऱ्याने उठून खरंच दार लावावं.

रेकॉर्ड काढणारी कंपनी लहान होती. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. खाली छपाई चालू असली की वर गाता यायचं नाही, म्हणून छापखाना बंद असेल त्या दिवशी रेकॉर्डिंग. दोन व्हायोलिनवाले, एक क्लॅरिनेट, आणि ॲकॉर्डियन वाजवणारे एक लठ्ठ गृहस्थ, जे दर गाण्यानंतर खुर्चीसकट कुरकुरायचे. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सुट्टी काढून गेले आणि ताईच्या मागे उभी राहून ध्रुवपदाच्या ओळी धरल्या.

सगळं झाल्यावर रेकॉर्डिस्टने टेप मागे फिरवली आणि त्याच यंत्रावर लावून दाखवली. ताई भिंतीवरच्या गादीला टेकून उभी होती. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची तिची ती पहिलीच वेळ. खोल, संथ, जाड, जसा होता तसा. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “बरी आहे की गं मी.”

ताई स्वतःला बरं म्हणाली ते मी तेवढं एकदाच ऐकलं.

मग रेकॉर्ड छापून आली. भावोजींचं चष्म्यांचं दुकान होतं आणि चार माणसं बोलावून कौतुक करायची त्यांना हौस होती. शेजारी, दुकानातले ओळखीचे, सगळे बसले. भावोजींनी सुई ठेवली. आणि त्या पेटीतून एक शाळकरी मुलगी बाहेर पडली. बारीक, टोकदार, घाईघाईने गाणारी, जसं काही तिला गाणं संपवून खेळायला जायचंय. व्हायोलिनं डासांसारखी गुणगुणत होती. मागे मी होते, म्हणजे दुसरी, तिच्याहून बारीक.

मग भावोजी म्हणाले, “अरे, ही तर चिमणी निघाली!”

केवढे हसले सगळे. भावोजी विनोदी माणूस होते. विनोदी माणसाच्या घरात राहणं काय असतं, ते त्या घरातल्या बायकांना विचारावं.

ताई उठली. “नाही, थांबा, अशी नाही, हे ऐका,” म्हणत तिने फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर बोट टेकवलं. रेकॉर्ड जड झाली. आवाज खाली उतरला, डुलला, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, ताई गायला लागली. ‘वारा’ म्हणाली. मी खुर्चीतून अर्धी उठले.

“बोट काढ,” भावोजी म्हणाले. “प्लेट खराब होईल.”

तिने बोट काढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कंपनीत गेलो. रेकॉर्डिस्ट भला माणूस होता. त्याने तीच टेप त्याच्या यंत्रावर लावली, तर ताई बरोबर. शेजारच्या यंत्रावर लावली, तर चिमणी. त्याने आपल्या यंत्राचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि मान खाली घातली. मोटरचा रबरी पट्टा सैल झाला होता. रेकॉर्डिंगच्या वेळी टेप हळू फिरली. हळू फिरलेल्या टेपवर जे भरलं, ते नीट चालणाऱ्या यंत्रावर धावत सुटलं आणि धावताना वर चढलं. काळी एकची पांढरी तीन झाली, हार्मोनियमवरची तीन घरं वर, आणि आवाज पोरीसारखा बारीक. त्या सैल यंत्रावर ऐकलं तेव्हा अर्थातच सगळं ठीक वाटलं होतं. खोट्यालाच खोटं तपासायला लावल्यासारखं.

कंपनीचे साहेब चहा पीत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे यंत्राचा पट्टा सैल, आणि बाईंची पट्टी वर!” आणि स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावून तो पुन्हा सांगितला.

“परत छापा ना,” मी म्हटलं.

“छापून झाल्या आता. आणि बाई, राग मानू नका, पण लोकांना काय कळतंय? तुमचा मूळ आवाज कुणी ऐकलाय?”

खरंच होतं ते. कुणीच ऐकला नव्हता. पुढे त्यांनी ती टेप पुसून तिच्यावर साबणाच्या जाहिराती भरल्या, हे रेकॉर्डिस्टनेच मला फोनवर सांगितलं. आमच्या एक्स्चेंजवर मीच उचललेला फोन होता तो.

एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. गायिकेचा गळा अजून कोवळा आहे, मुलीने आणखी काही वर्षं रियाज करावा. मुलीने! ताईने ते वाचून कागदाची घडी केली आणि खिडकीच्या फटीत खोचली. तिथून खरंच वारा यायचा.

तिने गाणं सोडलं, असं मी म्हणणार नाही. सोडायला काही धरलेलं लागतं. ती गच्चीवर चादर पिळताना सूर लावायची आणि आतून भावोजींची हाक यायची, “चिमणी उठली वाटतं!” म्हणजे आवाज समोर चांगला जाड ऐकू येत असताना माणूस चिमणी म्हणतो. नाव कानापेक्षा मोठं झालं होतं. गल्लीतली पोरं तिला बघून चिवचिव करायची. हळूहळू चादरी नुसत्याच पिळल्या जायला लागल्या. भाचीचा जन्म झाला तोपर्यंत घरात फक्त रेडिओ गात होता. ताई पुढे छातीच्या दुखण्याने गेली, म्हातारी व्हायच्या आत. शेवटी तर तिला बोलायलाही दम पुरत नव्हता.

तर एवढं सगळं बरोबर घेऊन मी त्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर चाळिशीचे, दाढीवाले, फार अदबीचे. रेकॉर्ड कव्हरमधून काढताना त्यांची करंगळी वर राहते, दाढेला हात घालताना राहत असेल तशी. बाकी मंडळींत एक भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, बँकेतला एक टक्कल पडलेला माणूस, आणि एक तरुण जोडपं, दोघांचे चष्मे एकसारखे. मला दाढेच्या चित्राखालची चांगली खुर्ची दिली. भाची माझ्या शेजारी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

“मावशी, सुरू करू?” डॉक्टरांनी विचारलं. इतक्या वर्षांनी त्यांना जणू माझी परवानगी हवी होती.

सुई टेकली. चिमणी गायला लागली.

मी दाढेकडे बघत राहिले. समोरची माणसं डोळे मिटून बसली होती. बँकेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी फक्त झोपलेल्या बाळांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. त्या पळत सुटलेल्या गाण्यांत त्यांना काहीतरी दिसत होतं. खोटं बोलत नव्हते ते. मला ते खोटं बोलत असते तर बरं वाटलं असतं.

बाजू संपली. शब्दांची फेरी सुरू झाली.

“काच,” तरुण मुलगी म्हणाली.

“पोरकं,” तिचा नवरा म्हणाला.

“अधांतरी,” बँकेतला माणूस.

भूगोलाच्या बाई विचार करून म्हणाल्या, “चिमणी.”

त्यांना कुणी सांगितलं असणं शक्यच नव्हतं. भावोजी जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ते नाव अजून त्या रेकॉर्डच्या खाचेत बसून होतं.

भाचीचे डोळे भरले होते. “आई,” ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“खोटं,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. “मावशी, नियम मोडू आपण. तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. गाद्या, सैल पट्टा, साहेबांचा विनोद, जाहिराती, सगळं. चांगलं ऐकणारी माणसं होती, कुणी मध्ये बोललं नाही. संपल्यावर तरुण मुलगा पुढे सरकला.

“म्हणजे हा सगळा अपघात आहे? काय सुंदर अपघात!”

“अपघातात माणूस गेलं की लोक सुंदर म्हणत नाहीत, बाळा.”

“तसं नाही हो आजी, मी...”

“डॉक्टर,” मी म्हटलं, “तुमच्या या यंत्राचा वेग कमी होतो?”

त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्यासारख्या माणसाला असलं काही करायला मिळालं की ते लहान होतात. “होतो ना. ही खुंटी खाली सरकवली की हवा तेवढा. पण मावशी, कुठे थांबायचं ते कसं कळणार?”

“मी सांगते.”

त्यांनी ‘दार लोटून घे’वर सुई ठेवली. मी डोळे मिटले आणि गच्चीवर चादरीचं टोक धरल्यासारखी मूठ आवळली. माझा गळा आता फाटका आहे, पण ताईची पट्टी त्यात शाबूत आहे. ती कुठे जाणार? मी काळी एकचा सूर धरला आणि डॉक्टर खुंटी सरकवत गेले. चिमणी मोठी झाली. मुलगी झाली. बाई झाली. माझा सूर आणि रेकॉर्डचा सूर एकमेकांवर घासत होते, कर्र कर्र, चुकीच्या किल्लीसारखे. मग ते घासणं मंद झालं, आणखी मंद झालं, आणि बंद झालं.

“थांबा,” मी म्हटलं.

ताई गात होती.

मी त्याबद्दल फार लिहिणार नाही. व्हायोलिनं व्हायोलिनं झाली, ॲकॉर्डियनच्या मागे त्या गृहस्थांची खुर्ची कुरकुरताना ऐकू आली. मागे ध्रुवपदात एक तरुण मुलगी होती, ती मी होते. आणि पुढे ताई, पाय रोवून, घाई नसलेली. ती ‘वारा’ म्हणाली आणि मी दातांच्या दवाखान्यात हुंदके देऊन रडले. मला लाज वाटली नाही. मला वाटलं, झालं. आता झालं. एवढ्या माणसांनी ऐकलं. आता कुणी विचारलं की मूळ आवाज कुणी ऐकलाय, तर ही पाच-सहा माणसं आहेत.

गाणं संपलं. डॉक्टरांनी सुई उचलली. सवयीने फेरी सुरू झाली.

“भारदस्त,” तरुण मुलगी म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द परीक्षेत आल्यासारखा आला.

“बरं,” तिचा नवरा म्हणाला.

“ओळखीचं,” बँकेतला माणूस म्हणाला आणि लगेच खाली बघायला लागला. त्या मंडळात ओळखीचं असणं यापेक्षा वाईट काही नाही, हे मला तेव्हा कळलं.

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “प्रामाणिक.” हा शब्द लोक कधी वापरतात ते मला माहीत आहे. यजमानाकडे जेवण बेचव निघालं की.

राहिली भाची. ती माझ्याकडे बघत नव्हती, कपाटावरच्या यंत्राकडे बघत होती.

“कोण?” ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं तिने प्रश्न विचारलाय. ते काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की तो तिचा शब्द होता.

चहा आला, बिस्किटं आली. डॉक्टर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. दुखणार आहे, असं सांगताना ते जसे बोलत असतील तसे बोलले.

“मावशी, खरं सांगू का? हे ऐकायला मिळालं हे आमचं भाग्य. पण अशा आवाजाच्या, अशा संथ गाण्यांच्या त्या काळातल्या रेकॉर्डी माझ्याकडे पुष्कळ आहेत. चांगल्या आहेत सगळ्या. कंपनीला हवी आहे ती ही नाही. त्यांना ती हवी आहे.” आणि त्यांनी वर हवेत बोट केलं, चिमणी तिथे कुठे बसली असल्यासारखं.

“निदान शेवटी एक गाणं खरं घाला. एकच.”

“मी विचारीन. पण एकदा लोकांना कळलं की तो यंत्राचा दोष होता, तर पहिल्याची जादू राहत नाही. तसं पाहिलं तर निर्णय या ताईंचा आहे.” ते भाचीला ताई म्हणत होते. आमच्या घरात आणखी एक ताई झाली होती.

मी भाचीकडे वळले. “सांग ना त्यांना. तुझी आई आहे ती.”

“मावशी, आपण बाहेर बोलू.”

बाहेर दोन्ही बाजूंना बंद दुकानं होती. एका शटरपाशी ती थांबली.

“मला आई गाताना आठवतच नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही. तुला माहितीये, ती रेकॉर्ड चादरींच्या कपाटात अगदी खाली होती. मी शाळेतून लवकर आले आणि आई बाजारात असली की काढून लावायचे. मला वाटायचं, आई लहान असताना अशी गायची. माझ्याएवढी असताना. मी तिच्याशी बोलायचे, मावशी. ती गायची आणि मी बोलायचे. माझी मैत्रीण होती ती.”

“ती तुझी आई नव्हती. तो सैल पट्टा होता.”

“असू दे.”

“आत्ता जी गायली ती तुझी आई होती.”

“असेल,” ती म्हणाली. “पण आता या वयात मी एक नवी बाई घेऊन काय करू? आहे तीच राहू दे. मी त्यांना तसंच काढा म्हणून सांगणार आहे. तुला राग आला तर ये घरी आणि भांड माझ्याशी. पण मी तेच सांगणार.”

मी भांडायला गेले नाही. कुणाच्या बाजूने भांडणार? ताईच्या पोरीवर ताईचा हक्क सांगायचा? ती बोलत होती तेव्हा तिचा आवाज खाली उतरला होता, जाड झाला होता, थेट ताईसारखा. सगळं बोलली ती आईच्या आवाजात, आणि आईलाच ओळखलं नाही. हे तिला सांगावं असं जिभेवर आलं होतं. मी गिळलं. तिने माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला.

नवी रेकॉर्ड आली ती फार देखणी आहे. कव्हरवर विजेच्या तारेवर बसलेली एक चिमणी आहे, काळ्या शाईत काढलेली. मागे लिहिलंय की या गायिकेला काचेसारखा, बालिश असा जन्मजात आवाज लाभला होता, आणि हा आवाज तिने शेवटपर्यंत जपला. जन्मजात! रेकॉर्डिस्टचं, मास्तरांचं नाव आहे. माझं ‘गायिकेची बहीण’ असं आहे. पट्ट्याचा उल्लेख नाही. डॉक्टरांनी मला एक प्रत पाठवली, आत चिठ्ठी घालून की परदेशातूनसुद्धा मागणी येतेय. दवाखान्यात आता ती लावत नसतील. नाव काढल्यावर लोक ‘कोण?’ म्हणत नाहीत ना आता.

माझ्याकडे यंत्र नाही. भाचीने एक विकत घेतलंय, साधं, खुंटी नसलेलं. परवा तिच्याकडे गेले होते. ती आत चहा टाकत होती. रेकॉर्ड यंत्रावरच होती, ती रोज लावते असं म्हणाली. मी सुई ठेवली. ‘दार लोटून घे,’ चिवचिव करत सांगू लागली ती.

मी कडेवर बोट टेकवलं.

पहिल्यांदा जास्त दाबलं गेलं आणि सगळं गुरगुरायला लागलं. मग जमलं. पट्टी खाली आली. मात्र माझा हात आता थरथरतो, त्यामुळे ताईचा आवाजही थरथरत होता. म्हातारी झाल्यासारखी गात होती ती. माझ्याएवढी. आम्ही दोघी म्हाताऱ्या होऊन गच्चीवर उभ्या असतो तर अशीच गायली असती. मी दुसऱ्या टोकाने ध्रुवपद धरलं. ‘वारा’ जवळ आला होता.

“मावशी!” भाची ट्रे घेऊन दारात उभी होती. “अगं, बोट काढ. प्लेट खराब होईल.”

तिने हे शब्द कुठून आणले, ते तिला ठाऊक नसणार. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

मी बोट काढलं. चिमणी लगेच भुर्रकन वर गेली आणि उरलेलं गाणं तिने घाईघाईने संपवलं.